शेवटचं बरं कधी पाहिलं?

"कासराभर दिस वर आल्ता बाई. तवापस्तोर मालक बराबर व्हते."

"मावशी, घड्याळात किती वाजले होते?"

"घड्याळ घरी टांगलंय. आमी मेंढरांपाशी व्हतो. केदारखेड्याच्या शिवारात कुठलं आलंय घड्याळ?"

आसराबाई माझ्यावर वैतागली होती आणि तिचं बराबरच होतं. नवरा कॉटवर तोंड वाकडं करून पडलेला, उजवं अंग लुळं, जीभ हलत नाही, आणि ही बाई तिसऱ्यांदा घड्याळ विचारते. पण मी तरी काय करणार? माझ्या फॉर्मवर चौकोनच तसा होता. 'रुग्णास शेवटचे व्यवस्थित कधी पाहिले? तास, मिनिटे.' हा फॉर्म करणाऱ्यानं जन्मात कधी मेंढरू राखलं नसणार.

नशीब, मी वडीगोद्रीची. बैलाचा कासरा जेवढा लांब, तेवढा सूर्य जमिनीपासून वर आला की कासराभर दिवस. माझे वडील त्याच हिशेबानं न्याहारी मागायचे. जानेवारीत सात वाजता उगवतो, म्हणजे आठच्या आतबाहेर. मी लिहिलं: सात पन्नास. भिंतीवर एक वाजून पाच मिनिटं झाली होती. सहा तास भरायला पाऊण तास बाकी होता.

मी बेबीनंदा. जालन्यातल्या या दवाखान्यात अकरा वर्षं माझं हेच काम आहे. लकव्याचा पेशंट आला की तो नव्या औषधाच्या अभ्यासात बसतो का, ते बघायचं. वय बसतं का, वेळ बसते का, रिपोर्ट बसतो का. लोकांना वाटतं सिस्टर सुई टोचते. मी प्रश्न टोचते. गुडघे गेले, केस गेले, प्रश्न काही संपले नाहीत.

मागच्या दोन्ही अभ्यासांत शुगरवाले चालत नव्हते. "शुगर आहे? मग नाही हो बसणार." हे वाक्य मी इतक्या नातेवाइकांना ऐकवलंय की झोपेतही म्हणत असेन. मला स्वतःलाच नऊ वर्षांपासून शुगर. उद्या माझ्या अंगावरून वारं गेलं तर मलाही हेच ऐकवतील, असं दर वेळी मनात यायचं. हा अभ्यास मात्र फक्त शुगरवाल्यांसाठी होता. चारशेच्या आत साखर, डोक्यात रक्तस्राव नको, आणि सहा तासांच्या आत औषध. आसराबाईच्या नवऱ्याचा, बिरूंचा, स्कॅन साफ होता. साखर दोनशे अडुसष्ट. गुठळी विरघळवायच्या नेहमीच्या इंजेक्शनची वेळ गावात तेल चोळण्यात आणि जावयाच्या पिकअपची वाट बघण्यात निघून गेली होती. आता आशा ठेवायची तर एवढीच.

मी आसराबाईला सगळं समजावलं. निम्म्या लोकांना खरं औषध मिळतं, निम्म्यांना नुसतं मीठपाणी. कुणाला काय, ते संगणक ठरवतो, आम्हालाही कळत नाही.

"आसंना का," ती म्हणाली. "नशिबात आसंल ते निघंल. इत्की वर्सं ह्या साखरेनं यांना गूळ खाऊ दिला न्हाई, चा फिक्का, सणाची पोळी फिक्की. आज तिच्यामुळं आत घेऊन राह्यले म्हन्ता, तं घ्या जल्दी."

संमतीचं शूटिंग करावं लागतं. मी मोबाईल स्टँडवर लावत होते. शाईचा डबा उघडून तिच्या अंगठ्याला निळी शाई लावली.

"माझा कामून?" तिनं हात मागे घेतला. "घरात कारभारी आस्ताना बाईचा अंगठा? त्यांचा घ्या."

"त्यांचा उजवा हात चालत नाही ना मावशी."

"मंग डावा घ्या की. उजवा तं झुंजुरकाच झोपल्ता."

मोबाईल अजून सुरू केला नव्हता. खोलीत आम्ही तिघंच होतो.

"झोपला होता म्हणजे?"

"कुशीवर पडल्ते, हात झोपला म्हन्ले. धोतराची गाठ मला मारायला लावली. मंग चा पिला, मेंढरं सोडली. बराबर व्हते की."

तिच्या लेखी हात झोपणं म्हणजे दुखणं नव्हतंच. मुंग्या येतात, झटकला की जातात. पडल्यावर लकवा, त्याच्या आधी सगळं बरं. मी तिला शेवटचं बरं विचारलं होतं आणि तिनं बराबर उत्तर दिलं होतं. झुंजुरका म्हणजे सहा. सात तास उलटून गेले होते.

एक वाट उरली होती. मधे हात पूर्ण सुधारला असेल, तर वेळ नव्यानं मोजता येते. मी अगदी तिच्या तोंडात शब्द घालत विचारलं, "मधे नीट झाला असेल ना हात? काठी उजव्या हातात धरली असेल, मेंढरं हाकताना?"

आसराबाईनं डोळे बारीक करून आठवलं. बाईचा खरेपणा बघा. "न्हाई बाई. काठी डाव्यात व्हती. मी म्हन्लं बी, उलट्या हातात कामून धरली?"

मला तिचा राग आला. खरंच आला. हो म्हण ना बाई, एवढं एक हो म्हणायला तुझं काय जात होतं!

दारातून डॉक्टर प्रितम डोकावले. "सिस्टर, वेळ बसते ना? औषध काढू फ्रीजमधून?"

फॉर्मवर माझ्याच अक्षरात सात पन्नास लिहिलेलं होतं. काही करायचं नव्हतं, फक्त मान हलवायची होती.

"नाही सर. पहाटे सहाला हात गेला होता."

त्यांनी एक सुस्कारा सोडला. "राहू द्या मग. वॉर्डात घ्या, नेहमीच्या गोळ्या चालू करा." ते गेले.

उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव होतो, माणूस दगावतो, हे मला पाठ आहे. कुणी विचारलं असतं तर मी हेच कारण सांगितलं असतं. पण खरं सांगू? तेव्हा त्यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुण्याहून कागद तपासणारा माणूस येणार होता, तो डोक्यात होता. माझी मलाच लाज वाटली. सात पन्नासवर एक रेघ मारली, सही केली, खाली लिहिलं: अपात्र.

आसराबाई लुगड्याला शाई लागू नये म्हणून अंगठा वर धरून उभी होती.

"घेत न्हाईत का?"

"नाही मावशी. पण बाकीचे उपचार चालू राहतील."

ती माझ्या जवळ आली आणि नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "बाई, म्या त्या हाताचं बोलले म्हून तं न्हाई ना?"

अकरा वर्षांत कागदावर मी एक आकडा खोटा लिहिलेला नाही. तिच्याकडे बघून म्हणाले, "छे हो. साखर फार निघाली त्यांची. चारशेच्या वर."

"साखरच का?"

"साखरच."

तिचे खांदे खाली आले. कॉटपाशी जाऊन ती बिरूंच्या कानाशी वाकली. "ऐकलं का, साखर लई निघाली म्हून घेतलं न्हाई. माझ्या बोलन्यानं न्हाई."

बिरूंनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. जीभ गेली होती, कान शाबूत होते. स्कॅनच्या आधी याच कॉटपाशी उभं राहून मी डॉक्टरांना मोठ्यानं सांगितलं होतं, दोनशे अडुसष्ट, बसते साखर. बिरू माझ्याकडे बघत राहिले. मग बायकोकडे वळले आणि होय म्हणून मान हलवली.