एवेलिओचं वजन

एनेइदाला पंचाहत्तरावं लागलं तेव्हा तिने दंड कमवायचं मनावर घेतलं. हौस म्हणून नव्हे. तिचा नवरा एवेलिओ फेब्रुवारीत झटका येऊन डाव्या अंगाने लुळा पडला होता, आणि वस्तीच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की जूनच्या शेवटच्या गुरुवारी मी येऊन बघेन. तू एकटीने त्याला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर नेलंस तर तो घरी राहील, नाहीतर डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात त्याची सोय करावी लागेल. मूलबाळ नव्हतं. एवेलिओ एकशे नव्वद पौंडांचा गडी, सिएनफुएगोसच्या बंदरात चाळीस वर्षं साखरेची पोती वाहिलेला. एनेइदा जेमतेम त्याच्या काखेपर्यंत पोचायची.

मार्चपासून ती रोज सकाळी आठला चौकातल्या आजी-आजोबा मंडळात जाऊ लागली. तिथे ल्युदमिला शिकवायची. पन्नाशीची बाई, एकेकाळी भालाफेकीत नाव काढलेली, आणि आवाज अजूनही मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा. सगळे तिला प्रोफे, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणायचे. साधनं म्हणाल तर झाडूचे दांडे आणि वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. पहिल्या दिवशी बाकावरून हात न टेकता उठायचं होतं. एनेइदा अर्धी उठली आणि मटकन खाली बसली. शेजारच्या म्हाताऱ्याने बाक आवडलेला दिसतोय असं म्हणून घेतलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचा आठवडाभर दुसऱ्या टोकाला उभा राहिला.

ल्युदमिला घरी येऊन उचलायची रीत शिकवून गेली. गुडघे वाकवायचे, कंबर नाही. त्याची छाती आपल्या छातीला भिडवायची, त्याच्या कमरेचा पट्टा धरायचा आणि एक-दोन-तीन. पहिल्या खेपेला तीन म्हणताच दोघंही जमिनीवर. शेजारच्या ओनेलियाला हाक मारून उठवून घ्यावं लागलं. पडल्यापडल्या दोघं पोट धरून हसली, पण एनेइदाच्या कोपराला हे एवढं टेंगूळ आलं होतं आणि ते पाहिल्यावर एवेलिओ हसायचा थांबला.

एप्रिलमध्ये ती त्याला पलंगाच्या कडेला उभा करू लागली. मेमध्ये खुर्चीत बसवू लागली. दर आठवड्याला काम सोपं होत चाललं होतं. चौकात तिने हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या आणि ती पोरीसारखी लाजली. एक गोष्ट तेवढी जुळत नव्हती. अर्धी बाटली ती बारा वेळा उचलायची, पण भरलेली बाटली खांद्याच्या वर जाईना. तिचं म्हणणं, वाळू समुद्राची आहे, दमट हवेने जड झाली आहे. ल्युदमिलाने मुकाट्याने ती वाळू वर्तमानपत्रावर पसरली, दुपारभर उन्हात वाळवली आणि दुसऱ्या दिवशी परत भरून दिली. बाटली तेवढीच जड.

"मग घरी एवढा माणूस उचलतेस तरी कशी?" ल्युदमिलाने विचारलं.

"बाटलीशी माझं लग्न झालेलं नाही, प्रोफे."

सगळा चौक हसला. ल्युदमिला हसली नाही, पण तिनेही पुढे विचारलं नाही. तिने तेव्हाच टोकलं असतं तर, असं एनेइदाच्या मनात नंतर फार वेळा आलं. पण राग धरायचा तर तो स्वतःवर, हे तिला माहीत होतं. नवऱ्याला रोज अंघोळ घालणारी तीच. त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या आणि खांद्याची हाडं वर आली होती. पण त्या वर्षी सगळं शहरच वाळलं होतं. दुकानात काही येत नव्हतं, आलं तर पुरत नव्हतं, पट्ट्याला नवी भोकं पाडून घेतली नाहीत असा माणूस गल्लीत शोधून सापडला नसता. बारीक होण्याचं कुणाला नवल वाटायचं नाही. नवल वाटायचं ते ओनेलियाच्या डुकराचं, कारण परसात बांधलेलं ते एकटंच काय ते बाळसं धरत होतं.

तपासणीला आठ दिवस उरले होते. गुरुवारी सकाळी ओनेलिया कुंपणाशी आली आणि म्हणाली की डिसेंबरात डुक्कर कापलं की एक मांडी तुमच्या घरी येणार, तो तुमचा हक्कच आहे. एनेइदाला वाटलं, बाई मस्करी करते आहे.

"आमचा कसला हक्क?"

"अगं, निम्मं डुक्कर एवेलिओनेच पोसलंय. रोज दुपारी उशाच्या खिडकीतून ताट ओततो ना माझ्या बादलीत. सकाळचा पाव पण. म्हणतो, बायको फार वाढते, मला एवढं जात नाही." एनेइदाचा चेहरा पाहून तिने आवाज उतरवला. "तुला माहीत नव्हतं?"

एनेइदा सकाळी चौकात असायची आणि दुपारी पावाच्या नाहीतर गॅसच्या रांगेत. त्याचा उजवा हात चांगला चालत होता म्हणून ताट उशाशी ठेवून ती जायची. त्या ताटासाठी तिने काय काय केलं होतं ते तिचं तिला ठाऊक. स्वतःच्या वाटणीचा काळा घेवडा त्याच्या भातावर घालायची. ती घरात गेली आणि पलंगाशी उभी राहिली. ओरडायचं ठरवून आली होती, पण नजर खिडकीतून ओनेलियाच्या बादलीकडे गेली.

त्यानेच ओळखलं. "ओनेलियाच्या तोंडात तीळ भिजत नाही," तो म्हणाला.

"का असं केलंस, म्हाताऱ्या?"

एवेलिओने बंदरावरची गोष्ट सांगितली. त्याची जीभ थोडी जड झाली होती, म्हणून सावकाश सांगितली. जोडीदार थकला आणि पेन्शनला दोन वर्षं उरली असली की मुकादमाला कळू द्यायचं नसायचं. सगळे मिळून त्याच्या वाट्याचं पोतं हलकं करायचे. शिवण उसवायची, पाच-दहा पौंड काढायचे, परत शिवायचं. असा एकेक म्हातारा त्यांनी पेन्शनपर्यंत पोचवला होता.

"तीन महिन्यांत माणसाची ताकद वाढत नाही, म्हातारे. पोतं हलकं करता येतं. तू पडलीस त्या दिवशीच मी ठरवलं."

ती रडली. त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली, आणि डोक्याखाली तिला त्याची हाडं टोचली. मग ती उठली, भात घेऊन आली आणि त्याच्यासमोर चमचा धरला. त्याने तोंड फिरवलं. म्हणाला, आता खाल्लं तर पुढच्या गुरुवारी तू मला घेऊन पडशील आणि मी डोंगरापलीकडे जाईन. तिथे मी खाईन असं वाटतं तुला? फक्त आठ दिवस. मग तू म्हणशील तेवढं खाईन, ताटसुद्धा चाटीन.

एनेइदाने चमचा खाली ठेवला.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरीणबाई आल्या. एनेइदाने त्याला उचलून खुर्चीत बसवलं, खुर्चीतून पलंगावर नेलं, आणि कुणी सांगितलेलं नसताना पुन्हा एकदा खुर्चीत बसवलं. बाईंनी तिचं कौतुक केलं. तो बारीक दिसतो असंही म्हणाल्या, पण हल्ली कोण नाही, असं म्हणून कागदावर सही केली. त्या गेल्यावर एनेइदाने शेजारून उसनं अंडं आणलं, तळलं, भातावर ठेवलं. एवेलिओने वचन पाळायचा मनापासून प्रयत्न केला. तीन घास गेले आणि तिन्ही बाहेर आले. दुसऱ्या दिवशी तेच. तिने पेज केली, रताळं कुसकरून भरवलं, ओनेलियाने कोंबडीचा रस्सा दिला. पोटाने खायचं सोडून दिलं होतं, आणि ते काही केल्या परत धरेना. जुलैभर तो तिच्यासाठी चमचा तोंडात घेत राहिला आणि ती पाठ फिरवेपर्यंत कसंबसं ते पोटात धरून ठेवायचा. ऑगस्टात साध्या सर्दीचं निमित्त झालं. सहा दिवसांत सगळं आटोपलं.

डॉक्टरीणबाई दाखला लिहायला आल्या तेव्हा त्याला स्वच्छ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ठेवलेलं होतं. एकटीने केलंस का, त्यांनी विचारलं. एनेइदाने होकारार्थी मान हलवली. बाई तिच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या की तुझ्यासारखी बाई मी पाहिली नाही. तुझ्या या हातांमुळे तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर गेला.

एनेइदाने हात सोडवून घेतला.

"मला माहीत होतं, डॉक्टर. तुम्ही यायच्या आठ दिवस आधी मला कळलं होतं की तो जेवत नाही."

बाईंनी दाखल्याचा कागद बाजूला ठेवला.

"रोज दुपारी मी ताट वाढून त्याच्या उशाशी ठेवायची," एनेइदा म्हणाली, "आणि बाहेर जायची. कळलं त्या गुरुवारी रांग होती. बाकीचे दिवस कसलीच रांग नव्हती. मी नुसती कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची."