सासू काढून टाकायचा कागद

शिगेरू ओकुयामा जूनच्या तीन तारखेला गेला, म्हणजे चेरी उतरवायला जेमतेम पंधरा दिवस उरले असताना. आयुष्यभर प्रत्येक कामाला उशीर करणाऱ्या माणसाने मरायची घाई मात्र ऐन मोसमाच्या तोंडावर केली, असं त्याची आई हात्सुए पहिल्या दिवसापासून म्हणत होती. त्याची बायको मारिविक मनातल्या मनात मान डोलवत होती. एकवीस वर्षांत सासूसुनेचं एकमत झालेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

मरणाचे कागद अंत्यविधीवाल्यांनी परस्पर नगरपालिकेत नेऊन दिले. एक कागद तेवढा उरला. शिगेरू कुटुंबप्रमुख होता आणि मागे दोन मोठी माणसं राहिली होती, तेव्हा आता प्रमुख कोण हे चौदा दिवसांत कळवायचं होतं. तसं पत्र आलं, फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लागलं आणि तिथेच त्याचं भिजत घोंगडं पडलं. हात्सुए दिवसातून दहादा फ्रिज उघडायची, मुळ्याचं लोणचं काढायची, दार लावायची. मारिविकही तेच करायची. पत्राकडे बघत कुणीच नव्हतं.

हात्सुएचं वय चौऱ्याऐंशी. पाठीत वाकलेली, पण जिभेने ताठ. घर तिच्या नावावर, बाग तिच्या नावावर, आणि गावातल्या निम्म्या भांडणांचा उगमही तिच्याच नावावर. प्रमुख तीच व्हायची, यात विचारण्यासारखं काय होतं? पण सुनेने विचारावं अशी तिची अपेक्षा होती. आणि सून विचारत नव्हती, कारण सून जायच्या विचारात होती.

हा विचार तिच्या डोक्यात घातला जोसलिनने. जोसलिन म्हणजे मारिविकच्या माहेरची, समुद्रापलीकडच्या सेबू बेटावरची, तिच्याच गल्लीतली, आता इथे कावासाकीत वृद्धाश्रमात कामाला. तिचा रोज फोन.

"तिथे एका म्हातारीचं फुकटात करतेस, इथे वीस म्हाताऱ्यांचं पगार घेऊन कर," ती म्हणायची. "निदान त्या थँक्यू तरी म्हणतात."

"म्हणतात?"

"दोन म्हणतात. बाकीच्यांना आठवत नाही. पण त्या शिव्या पण विसरतात ना."

परदेशी माणसांना मिळतं ते जोसलिनचं रहिवासी कार्ड उलटं केलं की मागे पत्त्यांची दाटी. नागोया, मग चिबा, मग कावासाकी, प्रत्येकावर त्या त्या कचेरीचा शिक्का. मारिविकच्या कार्डाची पाठ कोरी होती. या गावात उतरली, पहिल्या कार्डावर जो पत्ता पडला तोच दर नव्या कार्डाच्या दर्शनी भागावर छापून येत राहिला. तिचं लांबलचक नाव दोन ओळीत कसंबसं मावायचं, पत्ता मात्र ऐटीत एकटा बसायचा. कार्ड कायमचं होतं, नवरा गेल्याने त्याला धक्का नव्हता. देशात कुठेही राहायची मुभा होती. हेच तर अवघड झालं होतं. मुभा नसती तर कुढत का होईना राहिली असती.

सातव्या दिवशीच्या जेवणाला शिगेरूचा काका एइजी सेंदाईहून आला. कच्च्या माशाचे तुकडे उचलत, सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "सून आहे म्हटल्यावर वहिनीची काळजी मिटली. बागेची पण. थडग्यांची पण." पाहुण्यांनी माना डोलावल्या. एइजीने तोंड पुसलं आणि संध्याकाळची गाडी पकडली. त्याने तिन्ही जबाबदाऱ्या माशाच्या एका तुकड्याबरोबर गिळून दुसऱ्याच्या पोटात घातल्या होत्या. त्या रात्री मारिविकला झोप लागली नाही. तिला जायची फार हौस होती असं नाही. थांब, असं कुणीतरी म्हणावं एवढंच हवं होतं. आणि ते सुनेला म्हटलेलं नको होतं, तिला म्हटलेलं हवं होतं.

बाराव्या दिवशी ती नगरपालिकेत गेली आणि तीन नंबरच्या खिडकीवर गाव सोडण्याचा अर्ज मागितला. खिडकीवर इगाराशी होता. चाळिशीचा, सभ्य, कागदाला सुद्धा दुखणार नाही अशा बेताने शिक्का मारणारा.

"कुठे जाताय, ओकुयामाबाई?"

"कावासाकी."

"बरं. इथून हा दाखला घ्यायचा, तिथे पोचल्यावर चौदा दिवसांत तिथल्या कचेरीत कार्डासकट द्यायचा. ते मागे नवा पत्ता लिहून देतील. जाण्याआधी देता येत नाही, राहायला गेल्यावरच." तो जरा अडखळला. "फक्त त्याआधी तुमच्याकडचा कुटुंबप्रमुखाचा कागद. परवा शेवटचा दिवस आहे. आणि तुम्ही गेलात तर आजी एकट्याच... म्हणजे मला खाजगी विचारायचं नाही."

"नका विचारू," मारिविक म्हणाली आणि त्याने पुढे केलेले दोन्ही अर्ज पिशवीत घालून बाहेर पडली.

इगाराशी कुणापाशी बोलणारा नव्हता. पण या गावात तोंड उघडायची गरज नसते. गाव सोडण्याच्या अर्जाला हिरवी कड असते, गावात येण्याच्या अर्जाला निळी, आणि हिरवा कागद कोण नेतंय यावर सगळ्या गावाचं लक्ष असतं, कारण इथे निळा कागद वर्षात पाच-सहा वेळाच लागतो. त्या दिवशी मागच्या बाकावर शेजारची उमेको बसली होती. उमेकोच्या तोंडात तीळ भिजत नाही. मारिविक घरी पोचेपर्यंत उमेको काकड्या द्यायच्या निमित्ताने येऊन गेलेलीही होती.

रात्री दोघी जेवायला बसल्या. मिसोच्या रश्शात बांबूचे कोवळे कोंब होते, ते हात्सुए एकेक करून बाजूला काढत होती.

"कावासाकीला पाऊस फार म्हणे," ती शेवटी म्हणाली.

"मला माहीत नाही, आई."

"समुद्र जवळ. कपडे वाळत नसतील."

"मशीन असतं तिथे."

"मशीन." हात्सुएने हा शब्द असा उच्चारला की त्यातून कपडे अजून ओलेच बाहेर आले. मग वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "चेरी संपेपर्यंत थांब."

जगातले कुठलेही तीन शब्द ती बोलू शकली असती. तिने नेमके हे निवडले. मारिविकच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शिगेरू गेला तेव्हा ती इतकी रडली नव्हती, कारण पाहुण्यांचा चहा बघायचा होता.

"चेरीसाठी," ती म्हणाली.

"मग कशासाठी? शिडीवर मी चढू? या पाठीने?"

"शुक्रवारी जाईन. परवा तो प्रमुखाचा कागद देऊन येऊ. तुम्ही व्हा प्रमुख. एकट्या घराच्या प्रमुख व्हा, कुणी भांडायला पण नाही."

"मी काय तुझ्या पायावर गाडी घातली होती का, एवढं तोडून बोलायला?"

"आई, तुम्ही जेवा."

हात्सुए जेवली. कोंब सुद्धा सगळे खाल्ले. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी दोघी छोट्या टेम्पोत बसून नगरपालिकेत गेल्या. हात्सुएने चांगला करडा कोट घातला होता, जूनमध्ये. खिडकीशी आल्यावर मारिविक अर्ज काढायला पिशवीत वाकली, तोवर म्हातारी पुढे झाली आणि बहिऱ्या माणसाला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "सून काढून टाकायचा कागद द्या."

मागच्या दोन बाकांवरच्या माना एकदम वर झाल्या. मारिविकचा हात पिशवीतच राहिला. आपण जातोय म्हटल्यावर हिने आपल्याआधी दार लावून घ्यावं, इतकी घाई? तिला वाटलं, निदान शिगेरूच्या सुतकाचे एकोणपन्नास दिवस तरी होऊ द्यायचे.

इगाराशी कानापर्यंत लाल झाला. "आजी, असा कागद नाही."

"नाही कसा? टीव्हीवर दाखवलाय. नवरा मेल्यावर सासरचं नातं तोडतात तो."

"तो आहे. पण तो..." त्याने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. मदत नव्हती. "तो सून काढून टाकायचा नाही. सासू काढून टाकायचा आहे. म्हणजे तो फक्त यांनाच देता येतो. तुम्हाला नाही."

"मग हिला द्या."

"आई," मारिविक म्हणाली, "मी शुक्रवारी जातेच आहे. कागदाने हाकलायची गरज नाही."

हात्सुए वळली. वळायला तिला वेळ लागतो, त्यामुळे तिचा राग नेहमी जरा उशिरा पोचतो. "हाकलतंय कोण? एइजी काय बोलला ते मी ऐकलं. सून आहे ना, ती बघेल. थडगी पण, म्हणे. आता तू कावासाकीला गेलीस तरी ते फोन करतील. म्हातारी पडली, ये. म्हातारीला दवाखान्यात न्यायचंय, ये. तू येशील. मला माहीत आहे, तू मूर्ख आहेस. सूनच नसलीस तर कुठल्या तोंडाने बोलावतील?"

मागे उमेको होती की काय कोण जाणे, कुणीतरी नाक ओढलं.

इगाराशीने खणातून एक साधा कागद काढून काउंटरवर ठेवला. तो अर्ध्या पानाचाच होता. हात्सुएने चष्मा लावून तो वाचला, वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा वरपासून.

"सासूची सही कुठे करायची?"

"लागत नाही, आजी."

"संमती?"

"नाही लागत. त्यांना कळवावंही लागत नाही."

"एवढाच?"

"एवढाच."

ती कागदावर बोट ठेवून उभी राहिली. तिच्या नखात अजून बागेची माती होती. "हा निघाला कधी? नवीन असेल."

"नाही, बराच जुना आहे," इगाराशी म्हणाला. त्याला बिचाऱ्याला खरं सांगायची सवय होती. "युद्ध संपल्यावर कायदा बदलला ना, तेव्हापासून."

"म्हणजे मी एक्केचाळीसची होते, तेव्हा होता."

"होता."

हात्सुएचा नवरा ती एक्केचाळीसची असताना ट्रॅक्टरखाली गेला. त्यानंतर एकोणीस वर्षं तिने सासूचं केलं. शेवटची सहा अंथरुणात. ती सासू तिला नावाने हाक मारत नसे, "ए" म्हणे, हे मारिविकला शिगेरूने सांगितलं होतं. हात्सुए स्वतः त्याबद्दल कधी बोलली नव्हती.

"याच खिडकीवर मी दर वर्षी यायची," ती म्हणाली. "तिच्या औषधांचे कागद घेऊन. तेव्हा तुझ्या जागी होंमा बसायचा. टकल्या. मेल्याने कधी सांगितलं नाही." आवाज चढला नव्हता. तिने कोटाच्या बाहीने चष्म्याखाली पुसलं आणि कागद मारिविककडे सरकवला. "लिही. माझ्यासारखी राहू नकोस."

मारिविकने लिहिलं. नाव दोन ओळीत लिहिलं, कारण इथेही चौकोन पुरला नाही. कार्ड दाखवलं. इगाराशीने शिक्का मारला, आणि पहिल्यांदाच तो जोरात वाजला. एकवीस वर्षांचं नातं अडीच मिनिटांत संपलं. कावासाकीच्या म्हाताऱ्या विसरायला सुद्धा याहून जास्त वेळ घेत असतील.

"आता तो दुसरा," इगाराशी घसा खाकरून म्हणाला. "कुटुंबप्रमुख. आजच द्यावा लागेल."

"मी," मारिविक म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही शुक्रवारी जाताय ना?"

"जावंसं वाटलं की हिरवा कागद घेऊन येईन. तुम्ही कुठे पळून जाताय. आता लिहा. प्रमुख मी."

"आणि आजींचं प्रमुखाशी नातं..." त्याचं पेन चौकोनावर थांबलं. "हा कागद आधी दिला असतात तर नवऱ्याची आई लिहिलं असतं. आता तसं लिहिता येत नाही. नातं नाही. 'सोबत राहणारी' एवढंच लिहावं लागेल. चालेल?"

"घर माझं आहे," हात्सुए म्हणाली.

"घर तुमचंच आहे, आजी. पण त्यात तुम्ही सोबत राहणाऱ्या."

हात्सुएने विचार केला. "लिही," ती म्हणाली. "खोटं काही नाही त्यात."

बाहेर ऊन कडक झालं होतं. टेम्पोत बसल्यावर मारिविकने किल्ली लावली, पण फिरवली नाही. तिला खूप काही बोलायचं होतं आणि त्यातलं एकही जपानीत येत नव्हतं. सेबूच्या भाषेतही आलं नसतं.

"उद्या पहाटे चार वाजता बागेत जायचं आहे," ती म्हणाली. "खालच्या रांगेतल्या पिकल्यात. शिडीवर मी चढते. तुम्ही देठ मोडू न देता खोक्यात लावायच्या. पण एक सांगते. मी आता सून नाही. परक्या माणसाला बागेत राबवायचं तर सकाळचं खायला घालावं लागतं."

गावात तशी रीतच होती. चेरी उतरवायला आलेल्या बाहेरच्या बायकांना मालकीण पहाटे जेवू घालते. मालकिणीने आपल्या हाताने रांधायचं असतं, सुनेच्या नाही.

हात्सुएने पट्टा लावला. तो कोटावरून बसेना, म्हणून दोनदा लावला. समोर बघत तिने विचारलं, "तुला सकाळी काय खायला आवडतं?"

मारिविकला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. एकवीस वर्षं रोज पहाटे उठून तिने भात, मासा, रस्सा मांडला होता, आणि जे मांडलं तेच स्वतः खाल्लं होतं. हा प्रश्न या घरात कुणी विचारला नव्हता. शिगेरूनेही नाही.

"लसणाचा भात," ती म्हणाली. "रात्रीचा शिळा, तेलात परतलेला. वर अंडं."

"लसूण. सकाळी."

"हो."

"देवघरात शिगेरूचा फोटो आहे. त्याला वास जाईल."

"जाऊ द्या. त्याला आवडायचा. तुम्ही गेटबॉल खेळायला गेलात की कढईतूनच खायचा, उभ्या उभ्या."

मारिविकने किल्ली फिरवली आणि टेम्पो निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चेरीच्या बागांवर पांढरी कापडं ताणलेली होती.

"लसणाच्या पाकळ्या किती घालायच्या?" म्हातारीने विचारलं.