मोठी डिस्क

बाबांचा आवाज दुपारी साडेबारा वाजता मी घालवला, आणि तोही सुधारणा करायच्या हौसेपायी.

गळ्याच्या ऑपरेशनआधी आठ दिवस बाबांनी माईकसमोर बसून बाराशे वाक्यं वाचली होती. आता ते मोठ्या बटणांच्या कीबोर्डवर टाइप करतात आणि त्या वाक्यांचे तुकडे जुळवून कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलतो. हात थरथरतात, त्यामुळे कागदावर लिहिलेलं त्यांचं त्यांनाही लागत नाही. म्हणजे आवाज काय तो त्या खोक्यात. तरी त्यातलं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ यंत्रणा, जुनं झालंय म्हणून नवं घालायला मी बसले. धाकटा भाऊ त्यातला जाणकार. त्याने परगावाहून निरोप पाठवला होता, "ताई, शेवटी बूटलोडर कुठे टाकायचा ते विचारेल. मोठ्या डिस्कवर टाक." बूटलोडर म्हणजे कॉम्प्युटरला झोपेतून उठवून कामाला लावणारा छोटासा प्रोग्राम. आत डिस्क दोन. मी मोठीवर खूण केली.

रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. काहीतरी सापडत नाही म्हणे, आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. वाचवा असं तो मला म्हणत होता की मी त्याला म्हणायचं, तेच कळेना.

धाकट्याला फोन लावला.

"कुठल्या डिस्कवर टाकलास?"

"मोठीवर."

"मग बरोबर आहे. दुसरंच काहीतरी बिघडलंय."

ते दुसरं काहीतरी शोधण्यात दोन तास गेले. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला, धाकटा सांगेल ते टाइप केलं. फायली सगळ्या जागच्या जागी होत्या, बाराशे वाक्यंसुद्धा. पेनड्राइव्ह काढला की पुन्हा तोच काळा पडदा. मध्येच त्याने विचारलं, "नक्की मोठीवरच ना?"

"आंधळी नाही मी," मी म्हटलं.

बाबा शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी टेबलावर टकटक केलं आणि शाळेतली पोरं दाखवतात तशी करंगळी वर केली. मी फोन खांद्यात धरून त्यांना बाथरूमपर्यंत नेलं. ते दारातूनच परत फिरले. दहा मिनिटांनी पुन्हा करंगळी. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी करंगळी माझ्या नाकासमोर नाचवली तेव्हा माझं डोकं फिरलं.

"बाबा, जरा गप्प बसा ना."

तोंडातून गेलं आणि माझी मलाच लाज वाटली. बाबांनी हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. दोन तास आम्ही बहीणभाऊ त्यांच्या आवाजाबद्दल बोलत होतो आणि त्यांना एका अक्षराने काही विचारलं नव्हतं. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "काय ते परत दाखवा, बाबा."

करंगळी. मग कॉम्प्युटरकडे बोट.

"लहान? कमी जागेची डिस्क?"

त्यांनी जोरजोरात होकाराची मान हलवली. फोनमधून धाकटा म्हणाला, "लहान कशी? ती आपण आधी घेतली. दुसरीपेक्षा चार वर्षांनी मोठी आहे ती."

मी जागेने मोठी धरली होती, त्याने वयाने. घरात मी मोठी आणि उंचीने जेमतेम त्याच्या खांद्याला लागते, तरी डोक्यात प्रकाश पडला नव्हता. कॉम्प्युटर उठताना आधी जुन्या डिस्ककडे बघायचा, तिच्यावर जुनाच बूटलोडर राहिलेला, आणि त्याचं नव्या लिनक्सशी जमत नव्हतं. त्या डिस्क बसवताना स्क्रू हातात धरून बाबाच शेजारी उभे होते.

जुन्या डिस्कवर बूटलोडर टाकायला एक ओळ पुरली. कॉम्प्युटर सुरू झाला. मी कीबोर्ड बाबांपुढे सरकवला आणि बोलणी खायची तयारी ठेवली. ते बराच वेळ टाइप करत होते.

"मी घाबरलो होतो," कॉम्प्युटर म्हणाला.

बाराशे वाक्यांत हे वाक्य नव्हतं. बाबांच्या तोंडून ते आम्ही कधी ऐकलंही नव्हतं. त्यामुळे ते अक्षराला अक्षर जोडत, अडखळत आलं, पण आवाज त्यांचाच होता. मी बाबांचे दोन्ही हात घट्ट धरले. मग त्यांना बोलायला तेच हात लागतात हे लक्षात आलं, आणि सोडले.