ऋषिराजकडचं कार्ड

जोतीरामतात्या कार्ड बंद करायचं ठरवूनच बारामतीच्या बँकेत आले होते. पळसदेवच्या त्यांच्या मळ्यातली डाळिंबं दुबईला जायला लागली, तेव्हा तिथल्या एका प्रदर्शनासाठी त्यांनी हे प्रवासाचं भारीतलं क्रेडिट कार्ड घेतलं होतं. विमानतळावर फुकट जेवण, विमा, हॉटेलात सवलत. पण तात्या विमानात बसले ते तेवढ्यापुरतेच. आता पुढच्या वर्षाची फी कापली जाणार होती.

बँकेतल्या उत्कर्षा मॅडमनी स्क्रीनवर नजर टाकली. "तात्या, तुम्ही फिरत नसाल तर हे ठेवण्यात अर्थ नाही. साधं कार्ड देते. फक्त याच खात्यावरचं मुलाकडचं जोडकार्डही यासोबत बंद होईल."

"होऊ द्या. त्याला कंपनी देती समदं."

शेजारी त्यांची बायको कौसल्या बसली होती. त्यांचा मुलगा ऋषिराज उन्हाळ्यात बँकॉकला गेला होता. नोकरी एका एजंटनं मोबाईलवरच मिळवून दिली होती. सुरुवातीला पोरगा रोज व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायचा, रस्ते दाखवायचा. मग व्हिडिओ थांबला. आता तर साधा फोनसुद्धा कधीमधी यायचा. काम वाढलंय, म्हणायचा.

"मुलगा बँकॉकलाच असतो ना?" मॅडमनी विचारलं. "कार्ड भलत्याच गावात वापरलंय. पार तिथल्या देशाच्या सीमेजवळ. किराणा दुकान, मग औषधाचं दुकान. पुन्हा औषधाचंच."

तात्यांनी लगेच फोन लावला. कुणी उचलला नाही. 'कार्ड बंद करतोय, फोन कर,' असा मेसेज टाकल्यावर मात्र काही वेळातच फोन आला. तात्यांनी स्पीकर चालू केला.

"हॅलो बाबा, मी मजेत आहे. कार्ड बंद करू नका. आता तुम्हाला ओटीपी येईल, तो मला सांगा."

कौसल्या फोनजवळ सरकली. पोरानं जन्मात बापाला बाबा म्हटलं नव्हतं. तात्या आणि आये, एवढंच त्याच्या तोंडी. हा तर कागदावरचं वाचून दाखवल्यागत बोलत होता.

"ऋषी, जेवलास का रं?"

"हो आई. मी मजेत आहे."

"औषध कुणासाठी आणलंस? आजारी हायस का?"

पलीकडं कुणीतरी परक्या भाषेत खेकसलं. "ओटीपी सांगा बाबा. लवकर."

मोबाईलवर आकडे आले. सांगू नका, अशी मॅडमनी मान हलवली. तात्या बायकोकडं बघत राहिले.

"सांगा," कौसल्या म्हणाली. "न्हाय सांगितलं तर त्याला काय करत्याल त्ये?"

तात्यांनी आकडे वाचून दाखवले. "धन्यवाद बाबा," असं म्हणून फोन कट झाला.

तिथून ते थेट इंदापूरला पोलिसांकडं गेले. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दूतावासाला कळवलं. नोकरीच्या आमिषानं नेलेली अशी बरीच पोरं तिकडं कोंडून ठेवलीत, त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात, असंही सांगितलं. "कार्ड चालू ठेवा. वापरलं की निदान ठिकाण कळेल."

फी भरली. कार्ड बंद करायचं तसंच राहिलं. त्यानंतर एकदा त्याच गावात औषधाच्या दुकानात कार्ड वापरलं गेलं. मग काहीच नाही. चौकशी चालू आहे, एवढंच उत्तर इंदापूरच्या पोलिसांकडून आणि बारामतीच्या बँकेतून मिळायचं.

एके दिवशी दुपारी तात्या मळ्यात फवारणीला गेले होते. त्यांचा मोबाईल कौसल्येजवळ होता. ओटीपी आला आणि मागोमाग फोन वाजला.

"मम्मीजी, नंबर बोलिए." आवाज अनोळखी होता, गोड होता.

"पैले ऋषी को फोन दो."

"वो सो रहा है."

"दुपारी? उठाव उसको. मेरे को उसका आवाज सुननेका है."

पलीकडं पंखा घरघरत होता, आणि खूपजण एकदम टाइप करत असल्यासारखी टकटक ऐकू येत होती. कौसल्येनं कानाला फोन घट्ट दाबून धरला. त्या टकटकीत आपल्या पोराची बोटं असतील, असं स्वतःला सांगत ती ऐकत राहिली. मग फोन बंद झाला.

तात्या परतले तेव्हा तिनं सगळं सांगितलं. ते ओसरीवर टेकले. पंप अजून पाठीवरच होता.

"कार्ड बंद करून टाकायचं का आता?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," कौसल्या म्हणाली. "चालू ऱ्हाऊ द्या."