जावईबापूंचं वार्निश

त्या कारखान्यात जावईबापू नावाचा एक सर्किट बोर्ड होता. अकरा वर्षांपूर्वी सगळ्यात बिनचूक म्हणून तो बाजूला काढला, आणि तेव्हापासून रोज सकाळी चाचणीचं यंत्र आधी त्याच्यावर चालवून बघायचं. जावईबापू पास झाले म्हणजे यंत्र ठीक. त्यांना मऊ कापडात गुंडाळून वेगळ्या खणात ठेवत. एवढे लाड खऱ्या जावयाचेही कोणी करत नाही.

लाड करणारी होती खिळेमावशी. बोर्ड तपासायचा तर त्याच्याखाली शेकडो टोकदार पिना अचूक जागी उभ्या कराव्या लागतात. तो खिळ्यांचा पाट बनवणं हे मावशीचं काम. बोर्ड नवा आला की पाट नवा, आणि एका पाटाला तीन आठवडे. तिची सून त्याच खोलीत बोर्ड तपासायची आणि घरी सासूच्या पिनांच्या गोष्टी ऐकून कान किटले म्हणायची.

एके दिवशी चाचणीचं नवं यंत्र घेऊन एक विक्रेता आला. त्याने भिंतीवर एक तक्ता लावला. एक रेघ दिमाखात वर चाललेली, दुसरी मान टाकून खाली.

"हल्ली गिऱ्हाईक बोर्ड थोडे मागतं आणि डिझाइन सारखं बदलतं," तो म्हणाला. "पाट तयार होईपर्यंत बोर्डच जुना होतो. सगळ्या बाजाराचा कल आता आमच्या यंत्राकडे आहे. चार सुया उडत येतात, हलकेच टेकतात. पाट लागतच नाही!"

खाली जाणारी रेघ म्हणजे आपणच, हे मावशीला कोणी समजावून सांगायला नको होतं. माणूस खोटंही बोलत नव्हता. तिचे शेवटचे तीन पाट एकदाही न वापरता फळीवर पडले होते.

कारखान्याची मालकीण म्हणाली, "आमचे जावईबापू पास करून दाखवा. मग बोलू."

सुया उडाल्या, टेकल्या, आणि पडद्यावर लाल अक्षरांची रांग लागली. दोनशे चौदा ठिकाणी जोडणी तुटलेली! सगळी खोली खो खो हसत सुटली. विक्रेता घामाघूम झाला.

मावशी तेवढी हसली नाही. पाहुणे बघायला येणार म्हणून परवाच तिने जावईबापूंना पारदर्शक वार्निशचा हात दिला होता. अंमळ चमकले असते, एवढाच हेतू. तिच्या टोकदार पिना वार्निश भेदून जात, त्यामुळे सकाळी काही कळलं नाही. या नाजूक सुया मात्र वरच अडखळल्या.

तिने सुनेच्या कानात हे सांगितलं. सुनेने तिचा हात घट्ट धरला. "आई, तुम्हाला माझी शपथ, गप्प राहा. आपोआप टळतंय."

मावशीने मान डोलावली. पण चांगल्या यंत्रावर नापासाचा शिक्का बसलेला बघणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

"ताई, चूक यंत्राची नाही, माझी आहे," ती मालकिणीला म्हणाली आणि थिनरची बाटली घेऊन बोर्ड पुसायला बसली. सुनेने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या फेरीत दोनशे तेरा ठिकाणं सुधारली. एक लालच राहिलं. मावशीने चष्मा वर केला. त्या जागी तिनेच पूर्वी चिकटवलेली 'जावईबापू' अशी चिठ्ठी होती. चिठ्ठी नखाने सोलली, तर खालचा कपॅसिटर जागेवर नव्हताच! तिच्या पाटात तिथे पिनच नव्हती. अकरा वर्षं सगळ्यांची परीक्षा घेणारे जावईबापू स्वतःच अधू निघाले.

हसून हसून मालकिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने विक्रेत्याला विचारलं, "सुई कुठे टेकवायची, हे यंत्राला कोण सांगतं?"

"त्याला बोर्डाची नस न् नस ओळखणारं माणूस लागतं," तो म्हणाला. "तेच मिळत नाही. कितीतरी ठिकाणी आमची यंत्रं नुसती पडून आहेत. ते काही आम्ही तक्त्यात दाखवत नाही."

मालकिणीने मावशीकडे पाहिलं. मावशीला इतका आनंद झाला, की थिनरची बाटली तिने उघडीच खिशात ठेवली.

मग ती उठून तक्त्यापाशी गेली. खाली जाणारी रेघ आणि वर जाणारी रेघ मध्ये एका जागी एकमेकींना भेटत होत्या. तिने विक्रेत्याच्या खिशातलं पेन काढलं आणि तिथे एक ठसठशीत टिंब दिलं.

"सोमवारपासून मी इथे," ती म्हणाली.