ताप आणला कुणी? डोणीची जबानी

मी एक जुनी दगडी डोणी आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगते. पाथर्डीच्या पुढे, डोंगराखालच्या एका गावात, आक्काबाईच्या अंगणात लिंबाखाली मी बसलेली आहे. एका वडाराने तीन महिने छिन्नी चालवून मला अखंड काळ्या दगडातून घडवली. तीस घागरी पाणी मावतं माझ्यात. मित्रांनो, तुमच्या त्या पत्र्याच्या टाक्या चार पावसाळ्यांत गंजतात. मला आणायला सहा बैल लागले होते.

आक्काबाई या घरची सासू. शाळेची पायरी चढलेली नाही, पण तिच्यापुढे पाटीलसुद्धा शब्द जपून टाकायचा. तिचा एक नेम होता. डोणी कोरडी पडली की घरातली लक्ष्मी उठून जाते, असं तिच्या सासूनं सांगितलं होतं. म्हणून तळाशी चार बोटं पाणी कायम ठेवायचं आणि त्यावरच नवं ओतायचं. माझ्या बुडाला भोक आहे, त्यात लाकडाची गुडदी ठोकलेली आहे. ती कित्येक वर्षांत कुणी काढली नव्हती. मलाही त्याचा तोरा होता. भरल्या पोटाच्या बाईला कोण काय म्हणणार?

मग बहात्तर साल आलं. नागपंचमी तोंडावर आली तरी आभाळ कोरडंच. आठ दिवसांनी एकदा बैलगाडीवर टिपाडातून पाणी यायचं. त्याच सुमारास आक्काबाईचा लेक, श्रीमंत त्याचं नाव, भिंगारहून आला. तिथं तो छावणीत कामाला होता. अंग नुसतं फणफणलेलं. माझ्या शेजारी बाज टाकून चार दिवस पडला, उठला आणि परत कामावर गेला. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

पुढं दोन आठवड्यांनी, सणाच्या आदल्या दुपारी, गावातलीच मेहताब बांगड्यांची टोपली घेऊन आली. बायका माझ्याभोवती सावलीत बसल्या.

"हात ढिला सोड गं! बांगडी भरतीय, येसन न्हाई घालत तुला," मेहताब म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. खिदळता खिदळता पोटऱ्या खाजवत होत्या. डास चावत होते. भरदुपारी डास! मला नवल वाटलं.

पाच-सहा दिवसांत त्यातल्या सात जणींनी अंथरूण धरलं. डोळ्यांमागं ठणका, हाडं मोडल्यासारखी, अंगावर लाल ठिपके. आक्काबाईच्या सुनेच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. शेजारच्या बनुबाईची लेक पंचमीला माहेरी आली होती. तिच्या नाकातलं रक्त थांबेना. ती सासरी परत गेलीच नाही.

गाव तिरकं बघायला लागलं.

"जिनं जिनं हात म्होरं केला तिलाच कसं धरलं?" बनुबाई छाती बडवत म्हणाली. "त्या टोपलीतनंच आलंय हे."

ठरलं. मेहताबला पाणी बंद, आणि येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत तिनं गाव सोडायचं. आक्काबाई म्हणाली, "माझ्या डोणीतला थेंब न्हाई मिळायचा." मला मान असती तर मीही डोलावली असती. माझाही संशय मेहताबवरच होता.

ती कुंपणाशी रिकामी घागर घेऊन आली. "आक्का, त्याच दिशी चिंचेच्या वस्तीवर म्या चाळीस हात भरलं. तिथं कुनाला कनकन बी न्हाई. मग माझा हात हितंच इखारी कसा झाला?"

"ते देवाला इचार," आक्काबाई म्हणाली. पण त्या दिवशी तिला भाकरी गेली नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी आसाराम सायकलवरून आला. हा हिवतापाचा सरकारी माणूस. बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचा. तो रगत विकतो, असाही गावाचा संशय! या आजारी बायकांच्या काचांत मात्र हिवताप निघाला नव्हता. त्यानं मेहताबचं म्हणणं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बायका बसल्या कुठं होत्या?"

मग खिशातला आरसा काढून त्यानं माझ्या पोटात ऊन पाडलं. लाज वाटली हो मला.

"आक्का, ही वळवळ बघा."

"त्या व्हय? पान्यातल्या अळ्या. कायमच असत्यात."

"यांचेच डास होतात. पट्ट्यापट्ट्यांचे, दिवसा चावणारे. तापलेल्या माणसाला चावले, की काही दिवसांनी दुसऱ्याला तोच ताप देतात. हात धरून हा ताप लागत नाही. पण आधी इथं कुणीतरी तापलेलं असणार. कोण होतं?"

अंगणात बनुबाईसकट दहा माणसं होती. सून आत ग्लानीत. खरं सांगणारं एकच तोंड होतं, आणि ते आजवर कुणापुढं खाली झालं नव्हतं. 'कुणी न्हाई' म्हटलं असतं तर मेहताब उद्या वेशीबाहेर गेली असती.

आक्काबाईनं पदर सावरला. "माझा श्रीमंत हुता. ह्याच लिंबाखाली. ताप माझ्या अंगनातनं गेलाय, मेहताबच्या टोपलीतनं न्हाई."

बनुबाईनं कोपऱ्यातली पहार उचलली. "फोडतेच ही अवदसा!"

"फोडून काय होणार?" आसाराम मधे पडला. "रिकामी करा. नुसतं ओतून भागायचं नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. दर आठवड्याला घासा, वर झाकण घाला."

आक्काबाईनं स्वतःच्या हातानं गुडदी उपसली. दुष्काळातलं पाणी, फडक्यातून गाळून जनावरांना ठेवलं. मग ती माझ्यात उतरली आणि काथ्यानं घासू लागली. मेहताब अजून कुंपणापाशीच उभी होती.

"तिथं काय खांबावानी उभी? आत ये."

"हात लावू का आक्का?"

"लाव की. घासायला एक हात कमी पडतोय."

बनुबाईनं तिला वाट दिली नाही, पण अडवलंही नाही. पहार मात्र खाली ठेवली.

मित्रांनो, आक्काबाईची सून उठली. बनुबाईची लेक मात्र गेली ती गेलीच. एवढी वर्षं मी ज्या भरल्या पोटाचा तोरा मिरवला, त्यातच मरण पोसलं जात होतं. घरातलं पाणी झाका, भांडी कोरडी करून घासा. लक्ष्मी त्यानं कुठं जात नाही. आणि संशय घ्यायचा तर घ्या, पण दुसऱ्याचं पाणी तोडण्याआधी आपल्या अंगणात वाकून बघा. मी पडले दगडाची, मला वाकता येत नाही. तुम्हाला येतं.