बापाच्या डोक्यावरचा हात

लेसिएलीला त्या सकाळी वार आठवेना. रताळी चुलीवर ठेवली होती की उतरवली होती, तेही आठवेना. आई गेल्यापासून दीड वर्ष म्हाताऱ्या बापामागे, विलिआमीमागे धावून तिचंच डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. ऑकलंडहून भाऊ फोनवर म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे बघ." निर्धास्त राहायला त्याचं काय जात होतं!

आठवड्यापूर्वी म्हातारा माडाखाली पडला आणि टाळूला खोक पडली. नर्स बजावून गेली, "रोज धुवा, नाहीतर आत पू होईल." तिचं काय, सांगून मोकळी. पोटच्या पोरांनी बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही, ही हापाई बेटांवरची रीत. म्हातारा सगळं विसरला, लेकीचं तोंडसुद्धा, पण रीत विसरला नाही. शेजारणीला ही आडकाठी नव्हती, पण ती धुवायला आली, तर तिला परकी समजून काठीनं हाणलं.

मात्र अधूनमधून तो लेसिएलीलाच आपली आई समजायचा. मग निमूट मान खाली घालायचा. ती तेवढी संधी साधायची. पण आई होऊन हात लावला तर पाप लागतं की नाही? पाद्रीबाबांना विचारायची तिला लाज वाटायची. आपण नक्की कोण, हेच तिला दिवसाकाठी दोनदा कळेनासं व्हायचं.

आज त्यानं हाक मारली, "आई, डोकं दुखतंय."

ती तांब्या घेऊन धावली.

"पाणी गार आहे!"

"कुठं गार? हलू नकोस, द्वाडा."

खोक अर्धी धुऊन झाली आणि तो एकदम सावध झाला. मान वळवून त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"लेसिएली?"

आठ महिने ती या हाकेसाठी झुरत होती. तिला रडू फुटलं. 'हो बाबा' ओठांवर आलंच होतं.

"माझ्या डोक्यावर हात कुणाचा?" त्याचा चेहरा शरमेनं काळवंडला. हात काठी चाचपू लागला.

खोकेत अजून माती होती.

"माझा," ती म्हणाली. "आईचा. मान खाली घाल बघू."

त्यानं घातली.

"मला वाटलं, लेकच आली." मान खाली ठेवूनच तो पुटपुटला, "बऱ्याच दिवसांत फिरकली नाही गं ती. भेटली तर सांग, मी वाट बघतोय."

"सांगते हं," लेसिएली म्हणाली.